झोतासाठी एक नाव

टाविटाला क्लिक करायचा भयंकर कंटाळा. क्लेटनच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे क्ष-किरणांचा प्रखर झोत देणाऱ्या भल्यामोठ्या यंत्रावर, आम्ही पीएचडीवाले स्फटिक घेऊन जायचो, तो झोत त्यांच्यावर पडायचा आणि तिथली यंत्रणाच आकडेमोड करून प्रत्येक स्फटिकाचा तयार डेटा ठेवायची. तो उतरवून घ्यायचा मात्र एकेक करून. शेकडो स्फटिक असले की बोटं दुखून यायची. म्हणून टाविटाने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. संगणकाच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, झोतासाठी केलेल्या अर्जाचा क्रमांक द्यायचा आणि कॉफी प्यायला जायचं. परत येईपर्यंत सगळा डेटा आपल्या डिस्कवर. मोकळ्या मनाचा पोरगा, त्याने तो प्रोग्रॅम जगाला फुकट देऊन टाकला.

गव्हावर तांबेरा पाडणाऱ्या बुरशीतल्या एका प्रथिनाची रचना उलगडायची, ही त्याची पीएचडी. चार वर्षं तो त्यातच बुडालेला. त्यातली बरीचशी नुसते त्या प्रथिनाचे स्फटिक तयार करण्यातच गेली.

आमचा प्राध्यापक ग्रेम झोताची वेळ मागताना दरवेळी अर्जात सिडनीच्या व्हिटकोंबचं नाव सहकारी म्हणून घालायचा. व्हिटकोंब म्हणजे बडं प्रस्थ, त्याचं नाव असलं की अर्ज पास होतो. सगळेच असं करतात. अर्जावर नाव म्हणजे डेटा उघडायचा हक्कही आला, हे कोणी मनावर घेत नाही.

मार्चमध्ये व्हिटकोंबच्या लॅबमधून टाविटाला मेल आली. प्रोग्रॅम झकास आहे, पण आमच्याकडे मध्येच अडकतो, बघशील का?

"बघ, सिडनीवालेसुद्धा माझा प्रोग्रॅम वापरतात," तो मला म्हणाला. हातातला सॉसेज रोल अर्धा टाकून त्याने लगेच दुरुस्ती करून पाठवली.

जूनमध्ये व्हिटकोंबचा पेपर आला. तेच प्रथिन, टाविटाच्याच स्फटिकांचा डेटा. लेखकांत टाविटा नव्हता. शेवटी, डेटा उतरवायची सोय केल्याबद्दल त्याचे आभार मानले होते.

"ग्रेम, ही चोरी आहे," टाविटा म्हणाला. आमच्याकडे प्राध्यापकालाही अरेतुरे चालतं. बरोबरी तेवढ्यापुरतीच.

"चोरी कसली? सहकारी आहे तो. हक्क होता त्याला."

"नाव तूच घातलंस त्याचं."

"मग झोत काय तुझा मामा देणार होता? आभार मानलेत ना त्याने? त्या प्रोग्रॅमवर प्रबंधात एक प्रकरण लिही. आणि दुसरं प्रथिन घे, वर्षभर मुदत वाढवून देतो."

ग्रेमच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं. टाविटा बाहेर पडला.

दुसऱ्या प्रथिनासाठी नवा अर्ज तो भरत होता तेव्हा मी शेजारीच होते. सहकाऱ्यांच्या रकान्यापाशी तो थांबला.

"नको टाकूस त्या माणसाला," मी म्हणाले.

"तू स्वतः केलेला अर्ज त्याच्या नावाशिवाय गेला होता ना? काय झालं?"

"परत आला," मी म्हणाले.

त्याने व्हिटकोंबचं नाव टाइप केलं आणि अर्ज पाठवून दिला.