बाकावरच्या कोरड्या जागा

न मागता सल्ले देणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. मागच्या अंगणात मी सॉना, म्हणजे वाफ घ्यायची लाकडी खोली, उभारायला घेतली तेव्हा कुंपणापलीकडून एक उंटावरचा शहाणा रोज डोकावायचा. "कोंबड्या पाळताय का, मिस्त्री?" मी करवत चालवत राहायचो. हे ताईसाठी चाललंय, हे जगाला सांगत बसायची मला हौस नव्हती.

ताई, माझी थोरली बहीण, शिवणकाम करायची. दोन वर्षांपासून तिची बोटं आखडत चालली होती. सुई सोडाच, स्वतःच्या स्वेटरची बटणंही तिला लागेनात. शेकलं की तासभर बोटं सुटायची. बाई रडणारी नाही, पण एका सकाळी मशीनवरची खोळ काढून ती तिने पुन्हा घातली, ते मी पाहिलं. फार वाईट वाटलं.

बोटीच्या धक्क्यावरची जुनी वेटिंग रूम पाडत होते. बोट कधीच बंद पडली होती. तिथून मी भिंतीच्या फळ्या, दार आणि एक लांबलचक बाक उचलून आणला. खिळे तापले की अंग पोळतं, म्हणून सगळे उपटून लाकडी खुंट्या ठोकल्या. बाकाच्या फळ्या सुट्या करतानाच त्यांच्या पाठीवर आकडे घातले आणि त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या. आमच्या बाबांची शिस्तच तशी, एकमेकींना सरावलेल्या फळ्यांची ताटातूट करायची नाही. ती पाळली, हेच माझं चुकलं.

तापल्या दगडांवर पाणी ओतलं की वाफ उठते, फळ्यांवर बसते आणि लाकूड काळपट पडतं. माणूस बसलेला असतो तेवढीच जागा कोरडी, फिकट राहते. पहिल्या दिवशी ताई बाहेर आल्यावर मी बाक पुसायला आत गेलो. दाराजवळ तिची जागा कोरडी होती. पार पलीकडच्या टोकाला आणखी तीन कोरड्या जागा होत्या.

लाकडात जुनं तेल मुरलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण तेल काही जागचं हलत नाही. त्या तीन जागा रोज वीतभर ताईकडे सरकत होत्या. आठव्या दिवशी मी हात टेकले.

"ताई, उद्यापासून बंद. बाक मोडतोय मी."

"का रे?"

"तुझ्या शेजारी कुणीतरी बसतं."

"ठाऊक आहे," सुईत दोरा ओवत ती म्हणाली. एका झटक्यात ओवला. "तिघं आहेत. तुझ्यासारखी किटकिट तरी करत नाहीत."

"आणि त्यांनी तुला नेलं तर?"

"कुठे नेणार? बोट तर बंद आहे." ती खुदकन हसली, मग गंभीर झाली. "माझी बोटं परत आलीत. ती पुन्हा गेली तर मला नाही सोसायचं."

"मग आज मी बसतो सोबत. नंतर ठरवू."

भर दुपारी आम्ही आत गेलो. ती दाराजवळ, तिच्या पलीकडे मी, म्हणजे त्यांच्या आणि तिच्या मधोमध. पाणी ओतलं. एवढ्या धगीत माझी उजवी बाजू गारठत होती. मी ताईचा हात धरला. बोटं मऊ, मोकळी होती, पण हाताला वजनच जाणवेना. ती शिवायला आलेल्या एका कोटाबद्दल बोलत राहिली.

दहा मिनिटांनी ती बाहेर गेली. मी लगेच उठून मागे पाहिलं. पलीकडे तीन कोरड्या जागा. त्यांना खेटून माझी, चांगली ऐसपैस. दाराजवळची, ताईची जागा काळी, ओलीचिंब होती. मी तळवा टेकवला तर पाण्याने भिजला. इतके दिवस त्या तिघांवरच डोळे लावून बसलो होतो. ताईच्या जागेकडे नीट पाहिलंच नव्हतं.

बाहेर उन्हात ती स्वेटरची बटणं लावत होती, वरपासून खालपर्यंत, भराभर.

"बघ, सगळी लागली," ती लहान मुलीसारखी म्हणाली. "आता नाही ना मोडणार?"

बाक मोडला तर तिचं काय उरेल, हे मला कळत नव्हतं. मला भयंकर भीती वाटत होती.

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही मोडणार."