सर्व जहाजांसाठी दवंडी

मुखेड तालुक्यातल्या आपल्या गावी स्टँडवर उतरून घरी पोचेपर्यंत रूपालीला तिघांनी अडवलं आणि तिघांनी एकच विचारलं, आनंदराजचा फोन आला का? तिनेही तिघांना एकच उत्तर दिलं. जहाज सुखरूप आहे, माणसं सुखरूप आहेत, फोन तेवढे बंद आहेत. कंपनीचा माणूस तिला रोज हेच ऐकवायचा. तिसऱ्यांदा सांगताना तिला स्वतःचीच चीड आली.

आनंदराज तिचा धाकटा भाऊ, मालवाहू जहाजावर खलाशी. पुढच्या समुद्रात लढाई पेटली म्हणून त्याचं जहाज अलीकडच्या बाजूलाच नांगर टाकून उभं होतं. ठावठिकाणा कुणाला कळू नये म्हणून कंपनीने जहाजावरचे फोन, इंटरनेट, सगळं बंद करून टाकलं होतं. त्याला आता एकोणीस दिवस झाले होते.

आणि रूपालीची नोकरी कसली, तर समुद्रातल्या जहाजांशी बोलायची! किनाऱ्यावरच्या सरकारी रेडिओ केंद्रातून ती रोज संध्याकाळी साडेपाचला इशारे वाचायची. कुठे वादळ आहे, कुठल्या दीपगृहाचा दिवा बंद पडलाय, कुठल्या पट्ट्यात शिरू नका. इंग्रजीतून, सावकाश, दोन वेळा. कागदावर असेल तेवढंच. एकदा वाचताना शिंक आली तर तिच्याकडून लेखी खुलासा घेतला होता. पलीकडून उत्तर असं कधी येत नसे. हेच इशारे आता जहाजावरच्या यंत्रातून छापून निघतात, आवाज ऐकतो कोण, असं तिच्या केंद्रातली माणसंच हसत हसत म्हणायची. सहा वर्षं ती भिंतीशी बोलत होती, दुसरं काय?

दारात पाऊल ठेवलं तेव्हा वडील, निवृत्ती, बाजेवर बसून भाकरी खात होते. दोन भाकरी संपवून तिसरी चालू होती. रूपालीने रजेच्या अर्जात ‘वडील अत्यवस्थ’ असं लिहिलं होतं. त्याशिवाय तिच्या केंद्रात रजा मिळतच नसे.

"बोललीस का त्याला?" त्यांनी घास चावत विचारलं.

"बाबा, मी कुणाशी बोलत नसते. वाचत असते."

"तेच की. वाचून झालं की शेवटी दोन शब्द जोडायचे. आनंदा, घरी समदे बरे हायेत, काळजी करू नको. किती टाइम लागतो?"

"तसं करता येत नाही."

"कामून येत न्हाई? मी तीस वर्सं काय केलं मग?"

तीस वर्षं निवृत्तीने गावात कोतवालकी केली होती. तालुक्याचा हुकूम आला की हलगी वाजवत गल्लोगल्ली दवंडी द्यायची. सारा भरा, डोस पाजायला पोरं आणा. आणि हुकूम संपला की शेपटाला गावचं काहीबाही लावून द्यायचं: मल्लिनाथ, तुझी म्हैस सुटलीय, आन् बायको बी वाट बघून राहिली. गावाला हुकमापेक्षा शेपूटच आवडायचं.

"तुमचे तहसीलदार तालुक्याला बसायचे, बाबा. माझे साहेब शेजारच्या टेबलावर बसतात."

"अगं, मी टायफाइडनं पडलो तवा चुलतभावानं दवंडी दिली. हुकूम काय व्हता ते एकानं ऐकलं न्हाई. समदं गाव दारात, निवृत्तीला काय झालं मनून!" हे सांगताना ते अजूनही खुलायचे. रूपालीने ही गोष्ट शंभर वेळा ऐकली होती, आणि आज ती तिला नको झाली होती.

नागुबाई, तिची आई, चुलीपुढे भाकरी थापत होती. फोनवर तू सरकारी बोलतीस, तोंडासमोर येऊन सांग, असा हट्ट धरून तिनेच लेकीला बोलावून घेतलं होतं. रूपालीने समोर बसून सांगितलं. आईने ऐकून घेतलं, आणि तासाभराने पुन्हा पहिल्यापासून विचारलं. दोन दिवस हेच चाललं. शेजारच्या कावेरीबाई तेवढ्यात येऊन, रेडिओवर आमच्या पसंतीचं एखादं गाणं लाव, असं सांगून गेल्या.

तिसऱ्या दिवशी वडिलांनी वहीचा एक कागद तिच्या हातात ठेवला. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आनंदराज निवृत्ती, घरी समदे खुशाल. माय जेवती. रूपालीचा तोल सुटला.

"नोकरी जाईल माझी! आणि नोकरीचं सोडा. शंभर जहाजं कान देऊन असतात. उद्या मी खरं वादळ सांगितलं आणि त्यांना वाटलं, ही बाई घरच्या गप्पा मारतीय, तर?"

"शंभर जहाजांची काळजी हाय," नागुबाई चुलीपुढून म्हणाली, "भावाचीच तेवढी न्हाई."

हे मात्र तिच्या वर्मी लागलं. गेल्या पंधरवड्यात दोनदा, बटणावर बोट असताना, त्याचं नाव तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. दोन्ही वेळा तिने ते गिळलं होतं. हे यांना कोणत्या तोंडाने सांगणार? तिला आईचा राग आला, साहेबांचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. कागद तिने फाडला नाही, घडी करून पर्समध्ये टाकला.

चौथ्या दिवशी दुपारी वडिलांचा फोन वाजला. नंबर कुठलातरी लांबलचक. निवृत्तीने स्पीकर लावला.

"जय भीम बाबा," आनंदराजचा आवाज फुटला, आणि पुढे नुसतं रडू. बावीस वर्षांचा गडी हुंदके देत होता. "बाबा, तुमी हायेत ना? खरंच तुमीच बोलून राहिले ना?"

"मीच हाय रे लेकरा! मला काय झालंय?"

"ताई कुठं हाय?"

"इथंच आहे मी, आनंदा."

"तू घरी कामून गेलीस?" तो ओरडलाच. "माजी चार ते आठची पाळी असती. रोज साडेपाचला रेडिओपाशी उभा राहतो मी. तू वादळ सांग, दिवा सांग, मला त्याचं काय? तू वाचलंस की घरी समदं ठीक हाय, एवढं मला कळायचं. मग चार दिवस झाले, दुसरीच बाई वाचून राहिली. रजा असंल मनून मनाला लई समजावलं. पन तूच सांगायचीस ना, कुनी मरायला टेकल्याबिगर तुमच्याकडं रजा देत न्हाईत. मला वाटलं, बाबा गेले. कप्तानाच्या पाया पडून पाच मिनिटं फोन मागून घेतलाय."

अर्जातला ‘अत्यवस्थ’ रूपालीला आठवला.

"आता पुन्यांदा बंद होईल," तो घाईने म्हणाला. "ताई, कवा वाचशील?"

"परवा. परवा साडेपाचला."

फोन तुटला. नागुबाई उठली. चार दिवस जिला लेक जवळ हवी होती, तिनेच दोरीवरचे कपडे काढून लेकीच्या बॅगेत भरले आणि शिदोरीच्या भाकरी फडक्यात बांधल्या. जेवून जा, असंसुद्धा म्हणाली नाही. नांदेडची एसटी अर्ध्या तासात होती.

निवृत्ती स्टँडपर्यंत बॅग घेऊन आले. गाडी लागली, रूपाली खिडकीत बसली. तिने पर्समधून तो घडी केलेला कागद काढला. न्यावा की परत द्यावा, तिला ठरवता येईना. त्यांनी खिडकीतून हात घालून कागद काढून घेतला.

"काय बी जोडू नको," ते म्हणाले. "लिवलंय तेवढंच वाच. पन तूच वाच."