पान चौऱ्याऐंशीवरचा केक

"'आजीच्या हाताला एक गोड कडवटपणा होता,'" नवरा मोठ्याने वाचत होता. "ऐकतेस का? पान चौऱ्याऐंशी. गोड कडवटपणा म्हणजे काय असतं गं?"

चॉकलेट वितळत असताना कंपाउंडरबाई बोलत नसत. पातेल्यात दोन बोटं पाणी, त्यावर काचेचा वाडगा. वाडग्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये आणि वाफेचा थेंब आत पडता कामा नये. एक थेंब पडला तरी साटिनसारखं झालेलं चॉकलेट बघता बघता आक्रसतं आणि ओल्या वाळूसारखं होऊन बसतं. अठरा वर्षांत त्यांच्या हातून असं एकदाही झालं नव्हतं.

पुस्तक सकाळीच कुरियरने आलं होतं. मोठ्या दिरांच्या मुलीचं, म्हणजे पुतणीचं, पहिलंच पुस्तक. घरच्या घरी करायच्या पंचावन्न गोड पदार्थांचं. आतल्या पानावर तिने जांभळ्या शाईने लिहिलं होतं, 'लाडक्या काका-काकूंना, स्नेहपूर्वक.'

"'सुट्टीत आजीकडे गेलं की ओव्हनसमोर बसून आम्ही या काळ्या केकची वाट बघायचो,'" नवऱ्याने पुढे वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "आमच्या आईकडे ओव्हन कधी होता?"

बाई वळल्या. हातातला चमचा तसाच होता. "बघू."

फोटो अख्ख्या पानभर होता. काळा केक, वरून भेगाळलेला, मध्ये जरासा खचलेला. तो तसा खचलाच पाहिजे, खचला नाही तर आत कोरडा असतो. खाली निळ्या काठाची पांढरी ताटली. घड्याळात जिथे चार असतात तिथे तिला एक टवका गेलेला. तो टवका बाईंच्या हातून गेला होता, नळावर घासताना.

मग त्यांना आठवलं. सात-आठ महिन्यांपूर्वी पुतणीने फोन करून दोन केक मागितले होते. ऑफिसात पार्टी आहे म्हणाली होती. "आणि काकू, ताटलीसकट द्या ना. तुमची ताटली छान आहे." ताटली महिन्याने परत आली, धुतलेली.

फोटोखाली प्रमाण होतं. सत्तर टक्के कोकोचं चॉकलेट दोनशे दहा ग्रॅम. लोणी एकशे पासष्ट. साखर एकशे चाळीस. पाच अंडी. कडक काळी कॉफी तीस मिली. मीठ दोन ग्रॅम. ओव्हन दोनशे अंशांवर, तीस मिनिटं.

मागे वाडग्यात चॉकलेटची वाळू झाली होती.

---

सरकारी इस्पितळाच्या औषधखिडकीमागे बाईंनी अठ्ठावीस वर्षं काढली. खरं पद वेगळं होतं, पण पहिल्या दिवसापासून लोक कंपाउंडरबाई म्हणाले आणि निवृत्त झाल्यावरही गल्लीत तेच चाललं. काम म्हणजे पावडरी तोलायच्या, मिश्रणं कालवायची, बाटलीवर चिठ्ठी डकवायची. औषध कडू असलं की सरबताचा पाक घालायचा, म्हणजे पोरं थुंकत नाहीत. चाळिशी उलटल्यावर कधीतरी बदली होऊन जाणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना काळ्या चॉकलेटची वडी दिली. बाईंनी एक तुकडा जिभेवर ठेवला. इतकी वर्षं त्या कडू चव झाकत आल्या होत्या आणि इथे ती कुणी झाकलीच नव्हती. हे त्यांना फार आवडलं.

केक जमण्याआधी एकतीस खेपा बिघडल्या. वहीत प्रत्येक खेपेची तारीख, वजनं आणि निकाल आहे. 'कडा कोरड्या.' 'मीठ जास्त.' 'सासूबाईंनी चाखला, थुंकला.' सासूबाईंचा शेरा त्यांनी शब्दशः उतरवून ठेवला होता: 'हे खायचं की छातीला चोळायचं?' त्यानंतर सासूबाई नऊ वर्षं जगल्या आणि त्या केकला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

बत्तिसाव्या खेपेला वहीतलं प्रमाण एका कार्डावर आलं आणि कार्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटलं. त्यावर तापमान एकशे सत्तर होतं. पुढे ओव्हनचं बटण तुटलं. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामात मुरलेला. त्याने भंगारातून दुसरं बटण आणून बसवलं, ते एक घर पुढे बसलं. "उद्या नीट करतो," असं तो म्हणाला त्याला अकरा वर्षं झाली. बाईंनी प्रयोगशाळेतला लांब थर्मामीटर आणून आत ठेवला. बटण दोनशेवर असताना आत एकशे सत्तर. त्यांनी कार्डावरचा आकडा एका रेघेने खोडला, वर दोनशे लिहिलं, शेजारी आपली आद्याक्षरं आणि तारीख टाकली. औषधखिडकीत तशीच शिस्त होती. ज्याने आकडा बदलला त्याची सही शेजारी. कुणाला विचारायचं ते कळलं पाहिजे.

गेल्या वर्षी पुतणी ओळीने तीन रविवार आली होती. "काकू, मी नुसती बघणार, मधेमधे नाही करणार." साखरेच्या डब्याला फोन टेकवून ठेवायची. कपाटाचं दार उघडं असायचं.

---

दोन आठवड्यांनी पुस्तकाच्या कौतुकाचा चहा मोठ्या दिरांकडे होता. दिवाणखान्यात वीसेक माणसं, टेबलावर पुस्तकांचा मनोरा. जाऊबाई दारातच होत्या.

"ये गं. बघितलंस ना पुस्तक? आईंचं किती छान लिहिलंय तिने. मला तर रडूच आलं."

"वहिनी, आई चॉकलेट खायच्या का?"

"म्हणजे?"

"त्या थुंकल्या होत्या. तुम्ही होतात तिथे. पाणी तुम्हीच आणून दिलंत."

जाऊबाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अगं, घरातलंच आहे ना ते. घरात काय तुझं-माझं करायचं. आणि आजच्या दिवशी?"

"मग कुठल्या दिवशी करू?"

तेवढ्यात पुतणी आली. नवी साडी, गळ्यात पडली. बाई ताठ उभ्या राहिल्या. पुतणीच्या ते लक्षात आलं.

"काकू, रागावलात? अहो, मी तुमचंच लिहिणार होते. पण प्रकाशक म्हणाले, आजी असली की वाचक जवळ येतो. इस्पितळ, औषधं वगैरे आलं की..." ती थांबली.

"की काय?"

"त्यांनी म्हटलं हं, मी नाही. म्हणाले, फिनेलचा वास येतो."

बाईंनी नकळत हाताचं बोट नाकाकडे नेलं आणि मध्येच खाली घेतलं. तिथल्या वीस माणसांत ते कुणी पाहिलं नाही, नवऱ्याने पाहिलं.

"चला जाऊ," तो म्हणाला.

"चहा झाल्यावर."

चहा पिताना खिडकीजवळच्या एका शिक्षिकाबाईंनी पुतणीला हाक मारली. "तुझा तो काळा केक केला गं मी दोनदा. दोन्ही वेळा करपला. वरून कोळसा, आत भुसा."

"माझाही," दुसरीकडून कुणीतरी म्हणालं. "मला वाटलं माझाच ओव्हन बिघडला."

"तुमचं चॉकलेट हलकं असेल," पुतणी हसत म्हणाली, पण तिची नजर खोलीभर फिरून काकूंवर येऊन थांबली. बाईंनी बशी कपाखाली सरळ केली. त्यांना कारण लगेच कळलं होतं. शिक्षिकाबाईंचा ओव्हन खरं बोलणारा होता, एवढंच. चहा संपवून त्या घरी आल्या.

---

"जळू दे की," नवरा म्हणाला. "चारशे केक जळू देत. चोरी केली तर नीट तरी करायची. कार्डावर खोडलेलं दिसत होतं, विचारायला तोंड नव्हतं तिला?"

"दुसऱ्यांचं चॉकलेट जातंय त्यात. पाच-पाच अंडी."

"मग त्यांनी आजीला विचारावं."

बाईंना हसू आलं, पण टिकलं नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्यांनी एका बाटलीवर 'दिवसातून दोनदा' ऐवजी 'दिवसातून चारदा' लिहिलं होतं. पाच मिनिटांनी लक्षात आलं. खिडकी सोडून त्या बस थांब्यापर्यंत धावल्या होत्या, पायात एकच चप्पल. मुलाच्या आईच्या हातातून बाटली घेऊन, तिथेच रस्त्यावर चिठ्ठी दुरुस्त करून, शेजारी सही केली होती. आई म्हणाली, "सही कशाला आता?" त्या म्हणाल्या होत्या, "चूक माझी आहे म्हणून."

तिसऱ्या दिवशी पुतणी आली ती सरळ स्वयंपाकघरात. वजन उतरल्यासारखी दिसत होती.

"काकू, रोज पत्रं येतायत. प्रकाशक चिडलेत. मी घरी करून बघितला, करपला. काय सुटलं माझ्याकडून?"

"तू आधी कधी केलाच नव्हतास?"

पुतणीने मान खाली घातली.

"पुस्तकात छापण्याआधी एकदाही?"

"तुमचा इतका छान होतो, मला वाटलं..."

बाई स्टुलावर बसल्या. रात्रभर त्यांनी मनात वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आता लागेना. "सांगते. पण दुरुस्ती छापशील तेव्हा केक माझा आहे हे छापायचं. गोष्ट नको मला, कौतुक नको. नाव. चूक कुणाची आणि केक कुणाचा, एवढं."

"अर्थात, काकू. हे काय सांगायचं?"

मग बाईंनी तिला कपाटाचं दार उघडून दाखवलं. खोडलेला आकडा, वरचा आकडा, आद्याक्षरं, तारीख. ओव्हनचं बटण दाखवलं. थर्मामीटर आत ठेवून वीस मिनिटं दोघी काचेतून बघत बसल्या. पारा एकशे सत्तरवर थांबला. पुतणीने फोनवर त्याचाही फोटो काढला. जाताना ती वाकून पाया पडली. तेव्हा बाईंना वाटलं, पोर वाईट नाही.

---

दुरुस्तीची छापील चिठ्ठी पंधरा दिवसांनी टपालाने आली. बोटभर लांब, पिवळा कागद. नवऱ्याने पाकीट फोडलं, वाचलं आणि मोठ्याने वाचायचं टाळून पुढे केलं.

'पान ८४: आजींच्या जुन्या ओव्हनचं बटण सदोष असल्याने तापमान चुकीचं नोंदलं गेलं होतं. कृपया २०० ऐवजी १७० अंश असे वाचावे. आजींच्या या गोड चुकीबद्दल क्षमस्व.'

"बटण मी बसवलं," नवरा सावकाश म्हणाला. "भंगारात तासभर शोधून. ते पण आईच्या नावावर गेलं."

बाईंनी फोन लावला. पलीकडे गडबड होती, भांडी वाजत होती.

"काकू, मी तुम्हाला करणारच होते. पुढच्या आवृत्तीत नक्की, शब्द देते. चिठ्ठीवर जागाच नव्हती हो."

"'गोड चुकीबद्दल क्षमस्व'ला होती."

"ते त्यांनी घातलं, मी नाही."

"तीस वेळा माझा बिघडला आणि एकतिसाव्यांदा थोडक्यात बिघडला. त्या सगळ्या चुका माझ्या आहेत. एकही आईंची नाही. त्या बिचाऱ्यांनी एक घास खाल्ला आणि खरं ते सांगितलं. त्यांनाही खोटं पाडलंस तू."

पलीकडची भांडी थांबली. बाईंनी फोन ठेवला.

नवरा खालच्या कपाटातून हत्यारांची पेटी काढून ओव्हनसमोर उकिडवा बसला होता. "आज नीटच करून टाकतो."

"हात लावू नका."

"अगं, पण..."

"अकरा वर्षं लावला नाहीत. आता नको."

त्याने पेचकस पेटीत ठेवला. मग बराच वेळ पेटी बंद करायला त्याला कडी सापडेना.

---

वाचनालयात पुस्तकाच्या दोन प्रती होत्या. एक फडताळात होती. बाईंनी ती काढली, खिडकीजवळच्या टेबलावर बसून पान चौऱ्याऐंशी उघडलं आणि पर्समधून काळ्या शाईचं पेन काढलं. दोनशेवर एक रेघ. वर एकशे सत्तर. पानाच्या वरच्या भागात 'आजीच्या' हा शब्द होता, त्यावर एक रेघ. मग समासात आद्याक्षरं आणि आजची तारीख.

ग्रंथपाल टेबलाशी येऊन उभा राहिला होता. पंचविशीतला, गंभीर. "बाई, पुस्तकात लिहायला मनाई आहे. पाटी आहे तिथे."

"वाचली."

"मग?"

"आकडा चुकीचा होता. कुणी केला असता तर करपला असता."

त्याने वाकून पाहिलं. "आणि हे आजीचं काय खोडलंत?"

"तेही चुकीचं होतं."

तो आद्याक्षरांकडे बघत राहिला. "ही कुणाची सही?"

"माझी. कुणी काही विचारलं तर माझ्याकडे पाठवा. मागच्या गल्लीत, कंपाउंडरबाई म्हणून विचारायचं." त्यांनी शाईवर हलकेच फुंकर घातली आणि वाळल्याची खात्री करून पुस्तक मिटलं. "दुसरी प्रत कुठे आहे?"

"ती बाहेर गेलीय. मागणी आहे तिला. वहीत नाव लिहावं लागेल, नंबर आला की कळवू."

त्याने वही पुढे केली. आधीची सहा नावं होती. बाईंनी चष्मा नीट केला आणि सातव्या ओळीवर, चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहायच्या त्या सुट्या, ठळक अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहिलं.