उणे दोन वेतनवाढी

"उणे घेत नाही हे," कारकून म्हणाला. त्याने कळ पुन्हा दाबली, पडद्यावरचा रकाना पुन्हा लाल झाला. "शून्य टाकू?"

"शून्य नको," मीटरवाचक म्हणाला. "शून्य म्हणजे काहीच झालं नाही. झालंय की."

खाकी शर्टावर पाणीखात्याचा बिल्ला, खांद्याला नोंदवहीची पिशवी. सकाळची फेरी अर्धी टाकून तो कॉलेजात आला होता. सव्वीस वर्षांपूर्वी याच इमारतीतून राज्यशास्त्राची पदवी घेऊन तो बाहेर पडला आणि पाणीखात्यात लागला. तेव्हापासून घरोघरी जाऊन मीटरचे आकडे टिपत होता. आता वरून परिपत्रक आलं होतं: प्रत्येक विभागाच्या तीस माजी विद्यार्थ्यांनी पदवीचा खर्च आणि पदवीमुळे वाढलेलं उत्पन्न कळवायचं. सरासरी ठरलेल्या रेषेखाली गेली, की विभाग बंद. एकोणतीस अर्ज भरून झाले होते. तिसावा त्याचा, आणि आज शेवटचा दिवस.

टेबलापलीकडे विभागप्रमुख मॅडम बसल्या होत्या. त्यांनीच त्याला शिकवलं होतं. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते.

"अरे, ओव्हरटाइम धर, वर्दीचा भत्ता धर. पदात 'अधिकारी' लिही. सगळ्यांनीच थोडं थोडं वर चढवलंय. कोण बघायला येतंय?"

"अधिकाऱ्याचे बूट असे नसतात, मॅडम."

कारकून हसला. मॅडम हसल्या नाहीत.

खर्चाचा रकाना त्याने झटक्यात भरला होता. तो आकडा त्याला पाठ होता. थोरला भाऊ येता-जाता ऐकवायचा. त्या तीन वर्षांत भावाने कारखान्यात दोन-दोन पाळ्या केल्या होत्या. "तेवढ्यात माझं स्वतःचं लेथ आलं असतं," तो चारचौघांत म्हणायचा. "आणि यानं काय आणलं? कागदाची सुरळी." अडलं होतं ते उत्पन्नाच्या रकान्यावर.

"पण उणे कशाला?" मॅडमनी चष्मा काढला. "पदवीनं कुणाचा पगार कमी होतो का रे?"

"माझा झाला."

मग त्याने सांगितलं, फारसं न रंगवता. सहा वर्षांपूर्वी तोंडी हुकूम आला होता: गोदामांमागच्या वस्तीत मीटर उघडत बसू नका, अंदाजे आकडे टाका. सगळ्यांनी टाकले. त्यानेही टाकले. बिलं तिप्पट आली. पुढच्या फेरीला बायकांनी त्याला दारातच अडवलं. एकीने झाडू उगारला. बरोबरीचे लोक "ऑफिसात विचारा" म्हणून पुढे सटकत होते. हा मात्र पायरीवर बसला. अंदाजे बिलावर तीस दिवसांत हरकत घेता येते, सुनावणी मागता येते, निर्णय लेखी द्यावाच लागतो, असं एकेकीला समजावलं, आणि अर्जही स्वतःच लिहून दिला. एकेचाळीस घरांच्या सह्या झाल्या. साहेबांनी अक्षर ओळखलं.

"दोन वेतनवाढी कायमच्या बंद. बायको म्हणाली, हा तुमच्या राज्यशास्त्राचा पहिला पगार."

"आणि बिलं?"

"मागे घेतली. एकेचाळीसच्या एकेचाळीस."

मॅडमनी चष्म्याची काच पदराने पुसली.

"तू हे लिहिलंस तर सरासरी कोसळते," त्या म्हणाल्या. "विभाग गेला तर पुढच्या पोरांनी कुठं जायचं? त्यांचाही विचार कर जरा. ताठ मानेनं तू घरी जाशील, भोगतील ती."

हे त्याला लागलं.

"तोच विचार करत आलो, मॅडम," तो म्हणाला. "पण त्या बायका विचारायच्या, हे सगळं तुम्हाला शिकवलं कुणी? मी या विभागाचं नाव सांगायचो. आता इथंच बसून अधिकारी होऊ? अंदाजे आकडे एकदा टाकलेत मी. पुन्हा नाही टाकणार."

मॅडमनी चष्मा चढवला.

"आधीचे एकोणतीस अर्ज उघडा," त्या कारकुनाला म्हणाल्या.

"सगळे?"

"सगळे. खरे आकडे टाकायचेत. आणि याचा अर्ज छापून घ्या. उणे हातानं लिहू, खाली सही माझी."

"मॅडम, पाचला बंद होतं हे पोर्टल. आणि आपण रेषेखाली जाणार, सरळ सरळ."

"जाऊ. जायचंच आहे तर खऱ्या आकड्यांनी जाऊ."

त्यांनी त्या एकोणतीस जणांच्या फोन नंबरांची यादी मधोमध फाडली आणि अर्धी मीटरवाचकापुढे सरकवली. त्याने पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली. दुपारच्या फेरीची रजा टाकावी लागणार होती. पहिला नंबर एका बस कंडक्टरचा होता. फोनमध्ये गाडीची घरघर ऐकू येत होती.

"मॅडमच्या ऑफिसातून बोलतोय. तुमच्या अर्जात खरा पगार घालायचाय."

"का? पकडलं का काय?"

"नाही. आपणच बदलतोय."

"त्यानं विभाग वाचेल?"

"बहुतेक नाही."

पलीकडे कुणीतरी तिकीट मागितलं. कंडक्टरने ते दिलं, सुटे परत केले, कुणाला तरी आत सरकायला सांगितलं.

"लिहा मग," तो म्हणाला. "एकोणीस हजार आठशे. आणि पदात कंडक्टर."

मीटरवाचकाने आकडा मोठ्याने म्हटला, आणि कारकून तो भरेपर्यंत पुढचा नंबर लावला.