काचेपलीकडची फांदी

मी मासा बोलतोय. बोटाएवढा आहे, लांब तोंडाचा, हिरव्या अंगावर नारिंगी ठिपके. जरा जवळ या, आवाज खोल गेलाय. आज पोटात थोडं काही आहे म्हणून बोलू तरी शकतोय, मध्यंतरी तेवढीही ताकद नव्हती.

माझा जन्म प्रवाळांच्या रानात झाला. आमच्यात एकटं कुणी राहत नाही. जोडी जमली की जमली, शेवटपर्यंत बरोबर. आमची ही माझ्यापेक्षा जराशी लहान आणि माझ्यापेक्षा बरीच शहाणी. झोपताना दोघं एकाच फांदीला दातांनी धरून राहायचो, लाटेनं लांब जायला नको म्हणून.

आमचं खाणं एकच. प्रवाळाच्या फांदीवर बारीक बारीक जिवंत तोंडं असतात, ती टिपायची. दुसरं काही घशाखाली उतरत नाही. याला नखरा म्हणू नका. वाघाला गवत घालून बघा, मग माझ्याशी बोला!

जाळ्यात सापडलो ते दोघंही, आणि आलो एका दुकानात. तीन दिवस उपाशी होतो. चौथ्या दिवशी आमचे आताचे मालक आले. घड्याळं दुरुस्त करतात ते. घरी खाऱ्या पाण्याची टाकी होती, बाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची. बाईंना काहीतरी खास द्यायचं त्यांच्या मनात होतं.

"ते पट्ट्यापट्ट्यांचे मासे नकोत, ते सगळ्यांकडे असतात," ते दुकानदाराला म्हणाले. "कुणाकडेच नसेल असं दाखवा."

दुकानदारानं आमच्याकडे बोट केलं. आम्ही कुणाकडेच का नसतो, हे मात्र मालकांनी विचारलं नाही.

"खातात ना पण?"

"आता तुमच्या डोळ्यांनीच बघा की!" दुकानदारानं चिमूटभर गोठवलेली कोळंबी पाण्यात सोडली. भुकेनं जीव कासावीस झालेला. मी एक तुकडा तोंडात घेतला. शी! लगेच थुंकला. पण तोवर मालक "वा, वा, खातोय की!" म्हणत पाकीट काढायला वळले होते. दिवसभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढी चाकं बघणारा माणूस, आणि माझं थुंकणं तेवढं त्याला दिसलं नाही.

घरी टाकी बाईंच्या शिलाई मशीनशेजारी. आत मधोमध काय होतं माहितेय? प्रवाळ. हिरवंगार, परातीएवढं, फांद्याच फांद्या. आम्हाला वाटलं, देव पावला. दोघांनी सरळ तिकडे धाव घेतली.

"अहो! अहो, इकडे या आधी! माझं प्रवाळ खातायत हे!"

ते प्रवाळ बाईंनी अंगठ्याएवढ्या तुकड्यापासून चार वर्षं वाढवलं होतं. पाण्यातलं मीठ रोज मोजायचं, दिवा वेळेवर लावायचा, कुठे बाहेरगावी म्हणून जायचं नाही. त्यांचं खरंच काही चुकलं नाही. पण आम्हाला जाळीनं उचलून एका पारदर्शक डब्यात घातलं, आणि तो डबा त्याच टाकीत, आतून काचेला चिकटवला. समोर वीतभर अंतरावर फांद्या डोलतायत आणि मध्ये भिंत. तोंडाशी आलेला घास असा रोज बघत बसायचा. तोंड आपटून आपटून माझं नाक सोललं.

मालकांनी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "विकलेला मासा परत घेत नाही. आणि काळजी कसली करता? भुकेला कोंडा, निजेला धोंडा. भूक लागली की खाईल." अरे, कोंडा माणसाला चालतो रे!

तरी मालकांनी हौसेनं सगळं केलं. कोळंबीला लसणाचा रस चोळला. खाण्याचा लगदा करून मेलेल्या प्रवाळाच्या काडीला थापला. "आज बघ, आज नक्की खाणार," असं रोज म्हणायचे. आमची ही एकदा त्या लगद्यापाशी गेली, हुंगून परत आली आणि माझ्या अंगाला टेकून राहिली. तिचं पोट आत गेलं होतं. नवव्या दिवशी त्या काडीवरची तिची पकड सुटली आणि ती तळाशी आडवी झाली. मी खाली जाऊन तिला ढोसत राहिलो. ऊठ ग. ऊठ ना ग. बाईंनी चमच्यानं तिला उचललं, तेव्हाही मी चमच्यामागे वर गेलो.

"अगं, हा उद्या खाईल," मालक हळूच म्हणाले.

"कधी खाईल? हाही मेल्यावर?" बाई ओरडल्या. मग उठल्या, पक्कड घेतली, बाह्या सारल्या आणि स्वतःच्या हातानं प्रवाळाची एक फांदी मोडली. मोडताना डोळे मिटून घेतले. ती फांदी डब्यात सोडली. "खा रे बाबा. खा एकदाचा."

मी खाल्लं. बायको जाऊन तास झाला नव्हता आणि मी अधाशासारखा खात होतो. लाज वाटली, पण तोंड थांबेना.

तेव्हापासून दर दोन दिवसांनी एक फांदी. मी ती पांढरी करून ठेवतो, बाई पांढरी काडी काढून दुसरी देतात. प्रवाळ वाढतं महिन्याला नखभर, आणि मी खातो किती ते बघा! परातीचं बशीएवढं झालं, आता बशीही राहिली नाही. चार फांद्या उरल्यात. बाई टाकीसमोर बसतात, पण मशीन चालवत नाहीत.

आज सकाळी मालक डब्यापाशी वाकले. माणूस वाईट नाही हो, फार प्रेमळ आहे. माझ्याकडे बघून त्यांचे डोळे भरून आले.

"एकटा पडलाय बिचारा," ते म्हणाले. "उद्या याला जोडी घेऊन येतो."

बाईंनी वर बघितलं. 

मालक, पाया पडतो, नका आणू. दुष्काळात तेरावा महिना होईल. मला जोडी हवी आहे हो, रात्री शेजारची जागा रिकामी असते तेव्हा तर फार हवी असते. ती आली तर पहिला घास मी तिलाच देणार, हेही मला ठाऊक आहे. पण त्या चार फांद्या मोजा एकदा. मला एकट्याला आठ दिवस आहेत. दोघांना चारच.