खुर्चीच्या उंचीची भट्टी

“माझी माती संपली. आता भट्टी कशाला?”

खिडकीतून बायकोचा प्रश्न आला तशी त्याने हातातली कात्री खाली ठेवली. मागच्या अंगणात, लोखंडी पिंपाशेजारी तो उकिडवा बसला होता. तोंडावर मास्क, हातात रबरी मोजे आणि पुढ्यात भट्टीला आतून लावायच्या पांढऱ्या, लोकरीसारख्या अस्तराची गुंडाळी. तिची तुसं अंगाला लागली की दिवसभर खाज सुटायची.

“सांगतो,” तो म्हणाला. “एवढं कापून होऊ दे.”

“आत्ता सांगा.”

दोनच शब्द, पण ते बाहेर पडायला वेळ लागला. तोंडाची उजवी बाजू तिला साथ देत नव्हती. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हिच्या आवाजावर माणसं खूश असायची. एकदा एका गिऱ्हाईकाने केवळ हिचा आवाज ऐकायला चुकीचा नंबर तीनदा मागितला होता, असं ती हसून सांगायची. आता फोन वाजला की ती नवऱ्याकडे बघायची.

गल्लीत त्याला सगळे कवळीवाले काका म्हणत. चौतीस वर्षं तो एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून कवळ्या आणि चिनी मातीचे दात करत आला होता. ज्यांच्या तोंडात ते दात जायचे ती माणसं त्याला सहसा दिसायची नाहीत, त्यांचे प्लास्टरचे जबडे तेवढे दिसायचे. कधीतरी बाजारात एखादा अनोळखी माणूस खळखळून हसला की हा थबकायचा. वरचे पुढचे चार आपले, हे त्याला लगेच कळायचं.

ती निवृत्त झाल्यावर मातीकामाच्या वर्गाला जायला लागली. आधी वेळ जावा म्हणून, मग वेळ पुरेना म्हणून. तिथे तिने राकू नावाच्या जपानी भाजणीबद्दल ऐकलं. भट्टीतून लालभडक भांडं चिमट्याने काढायचं, भुशाने भरलेल्या डब्यात टाकायचं, वर झाकण दाबायचं. आतल्या आत जाळ आणि धूर होतो आणि भांड्यावर असे रंग उतरतात, अशा बारीक भेगांची जाळी उठते, की करणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही. वर्गातल्या विजेच्या भट्टीत ते जमत नसे.

“मागच्या अंगणात एक छोटी भट्टी करून द्या ना,” तिने म्हटलं होतं. “तुमचा तर जन्म भट्टीपुढे गेला.”

“माझी भट्टी तळहाताएवढी आहे. ही म्हणजे गॅस, जाळ, शेजाऱ्यांची कटकट. पुढच्या वर्षी बघू.”

असं चार वर्षं चाललं.

मग आठ महिन्यांपूर्वीची ती सकाळ. तिच्या हातून चहाचा कप निसटला. “उजवा हात जड झालाय हो,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी द्यायच्या कवळीचे दात तो मेणात बसवत होता. कामं घरी आणायची त्याची सवय जुनी. मान वर न करता तो म्हणाला, “ती माती मळणं बंद कर, आपोआप हलका होईल.”

दुपारी एक वाजता वर्गातून फोन आला. ती चाकाशेजारी पडली होती. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, “सकाळी काही जाणवलं होतं का त्यांना? तीन-चार तास आधी आणलं असतं तर फरक पडला असता.”

“नाही,” तो म्हणाला. “काहीच नाही.”

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. परगावी असलेल्या लेकीलाही नाही. बायकोही कधी काही बोलली नव्हती. तिला त्या सकाळचं आठवतच नसेल, असं त्याने स्वतःला समजावलं होतं.

गेल्या महिन्यात वर्गाच्या बाई येऊन गेल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेली सात भांडी त्यांनी टेबलावर मांडली. एकदा भाजलेली, पण अजून झिलई न चढलेली, फिकट गुलाबी. “राकूसाठी म्हणून बाजूला ठेवली होती त्यांनी,” बाई म्हणाल्या आणि झिलईची बरणी, ती कशी लावायची याचा कागद ठेवून गेल्या. बायकोने त्या सात भांड्यांकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्या दिवशी तो पिंप घेऊन आला.

लेकीला फोनवर कळलं तेव्हा ती भडकली. “बाबा, राहू द्या ना तशीच. आईच्या हातची शेवटची आहेत ती. फुटली म्हणजे?”

“फुटणार नाहीत. चौतीस वर्षं दात भाजलेत मी.”

“ते दात होते, बाबा!”

पण त्याने हात थांबवला नाही. पिंपाला आतून अस्तर लावलं. ते धरून ठेवायला तारेत ओवलेल्या मातीच्या चपट्या गुंड्या केल्या, तळाशी बर्नरपुरतं भोक पाडलं, वरच्या झाकणाला धूर जायला दुसरं. भट्टी तयार झाली तेव्हा ती त्याच्या छातीपर्यंत येत होती. तो खूश होता. चाकांची खुर्ची ढकलत त्याने तिला अंगणात आणलं.

तिने ती तळापासून झाकणापर्यंत न्याहाळली.

“भांडी कुठून काढायची?”

“हे झाकण उचलायचं, वरून चिमटा घालायचा.”

“कोण काढणार?”

“मी. दुसरं कोण?”

“मग ही तुमची भट्टी.” ती थांबली, शब्द गोळा केले. “माझी म्हणून कशाला सांगता सगळ्यांना?”

“अगं, तुझ्यासाठीच तर एवढा खटाटोप...”

“माझ्यासाठी नाही.” डाव्या हाताने तिने खुर्चीचा दांडा धरला. “त्या सकाळी सांगितलं होतं तुम्हाला. हात जड झालाय म्हणून.”

शेजारच्या घरातून भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो पिंपाच्या कडेवरून बोट फिरवत उभा राहिला.

“मला वाटलं...”

“काय वाटलं ते माहितीये मला.”

तिने स्वतःच एका हाताने चाक फिरवायला घेतलं. एका हाताने खुर्ची सरळ जात नाही, तिथल्या तिथे गोल फिरते. तशी ती अर्धी फिरली आणि अडकली. तो पुढे झाला तेव्हा ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, “करायचीच असेल तर खुर्चीत बसून पोचता आलं पाहिजे मला.”

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भट्टी उलटी केली आणि सगळं अस्तर सोडवलं.

खुर्चीतून पोचायचं तर वरून उघडणारी भट्टी कामाची नव्हती. भांडी विटांच्या चौथऱ्यावर उघडी ठेवायची आणि पिंपच टोपीसारखं वरून त्यांच्यावर उतरवायचं. भाजून झालं की टोपी वर ओढायची, भांडी समोर मोकळी. त्यासाठी लोखंडी चौकट हवी, कप्पी हवी, पिंपाच्या वजनाला तोलणारं वजन हवं. त्याने नाक्यावरच्या वेल्डरला बोलावलं. वेल्डर त्याचंच गिऱ्हाईक होता, वर-खाली पूर्ण कवळी घालणारा. काम सुरू करताना तो ती काढून शर्टाच्या खिशात ठेवायचा.

“अरे, मी काय खिशात ठेवायला केली होती का?”

“वेल्डिंग करताना दात आवळायची सवय आहे, काका. हे तुटले तर तुम्ही परत सहा महिने लावाल.” बोळक्या तोंडाने तो हसला. ती खिडकीत होती. तीही हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याने ते ऐकलं, आणि त्याला उगीचच वेल्डरचा हेवा वाटला.

चौथऱ्याची उंची ठरवायला त्याने टेप आणली. जमिनीपासून तिचा खांदा, खांद्यापासून डाव्या हाताची बोटं. तिने मापं घेऊ दिली. शिंप्यासमोर उभं राहावं तशी समोर बघत. वेल्डरने हलक्या नळीचा लांब चिमटा करून दिला. मग तीन आठवडे रोज सकाळी ती एका हाताने बटाटे उचलायला शिकली. स्टुलावरून उचलायचा, बाजूच्या बादलीत सोडायचा. पहिल्या दिवशी एकही जमला नाही. स्वयंपाकघरभर बटाटे गडगडत गेले आणि तो ते गोळा करायला वाकला तेव्हा ती म्हणाली, “सगळे झाल्यावर उचला. सारखं मध्ये येऊ नका.” नंतर पाण्याने भरलेले पेले आले. तिसऱ्या आठवड्यात दहातले सात पेले न सांडता बादलीत उतरायला लागले.

“सातावर थांबायचं का?” त्याने विचारलं.

“भांडी पण सातच आहेत,” ती म्हणाली.

भट्टी पेटवली ती एका कोरड्या, वारा नसलेल्या सकाळी. तिच्या अंगावर वेल्डरचा चामड्याचा एप्रन, पायांवर ओली चादर, डाव्या हातात कोपरापर्यंतचा मोजा, चेहऱ्यापुढे काच. पहिल्या खेपेला झिलई लावलेली तीन भांडी ठेवली होती. बर्नर घरघरत होता. तो टोपीच्या भोकातून आत बघत होता. आत आधी काळोख होता, मग मंद लाल, मग नारिंगी. झिलई फुगली, तिच्यावर फोड आले, ते बसले आणि भांडी ओली झाल्यासारखी चकाकू लागली. दातांवरची चकाकी त्याने हजारो वेळा बघितली होती. त्याने गॅस बंद केला.

“झालं.”

त्याने दोर ओढला. टोपी वर गेली आणि तीन भांडी निखाऱ्यांसारखी समोर आली. धगीने तो स्वतः एक पाऊल मागे सरला. ती सरली नाही. चिमटा पुढे गेला, पहिल्या भांड्याच्या काठाला लागला, मिटला. भांडं उचललं गेलं. वीतभर आलं. मग चिमट्याची पकड सुटली आणि ते फरशीवर पडलं. त्याचे लाल तुकडे काळे पडत सगळीकडे विखुरले.

तो पुढे धावला. “दे इकडे.”

“हात लावू नका.” काचेमागून आवाज आला. तो आवाज अडखळला नाही. “दोर धरा तुमचा.”

दुसरं भांडं डब्यात गेलं. भुशाने भक्कन पेट घेतला, त्याने झाकण दाबलं. तिसऱ्याला वेळ लागला. दोनदा चिमटा सुटला, तोवर त्याचा लाल रंग उतरत चालला होता. तरी तिने ते डब्यात सोडलंच. दंड भरून आला होता तिचा. तो मोज्यावरून चोळायला गेला, तर तिने चोळू दिला.

दुसऱ्या खेपेला चार होती. टोपी वर जायच्या आधी ती म्हणाली, “दोन मी काढते. दोन तुम्ही.”

“मी कशाला? तुझी आहेत ती.”

“म्हणूनच सांगतेय.”

तिने एक नीट काढलं. दुसऱ्याचा चिमट्यात काठ तुटला आणि बाकीचं भांडं विटेवर आपटून दुभंगलं. मग त्याने हात घातला. मेणातला दात केसभरही न ढळू देता बसवणारे त्याचे हात, पण चिमटा प्रत्येक काठाला दोनदा लावावा लागला. दोन्ही एका वेगळ्या डब्यात गेली. त्या झाकणाखाली थोड्या वेळाने टण्ण असा आवाज झाला. त्याने डोळे मिटले. कुठलं गेलं ते उघडेपर्यंत कळणार नव्हतं, पण दोघांनाही कळलं की त्याने काढलेल्यांतलंच एक.

दुपारी लेकीचा फोन आला. सवयीने त्याने उचलला, पण तिने हात पुढे केला. त्याने फोन तिच्या कानाला लावला. “हॅलो,” ती म्हणाली.

“आई? तू बोलतेयस? किती फुटली गं?”

“तीन.”

“मी म्हटलं होतं बाबांना! कुणाच्या हातून?”

“दोन माझ्या. एक त्यांच्या.” तिने श्वास घेतला. “चार राहिली. तू येशील तेव्हा बघ. आता ठेवते, भांडी घासायचीत.”

डबे निवले होते. राखेतून निघालेली भांडी कोळशासारखी काळी होती, घासल्याशिवाय खालचं काही दिसणार नव्हतं. नळाजवळ खुर्ची लावून तिने एक भांडं गुडघ्यांत दाबून धरलं आणि डाव्या हाताने घासणी चालवू लागली. ते तिसरं होतं, उचलायला उशीर झालेलं. त्याची झिलई एका बाजूला मुकी राहिली होती.

तो फरशीवर बसून सकाळी पडलेल्या पहिल्या भांड्याचे तुकडे वेचत होता. एका तुकड्याच्या आतल्या अंगाला चाकावर फिरलेल्या बोटांच्या बारीक रेघा होत्या. उजव्या हाताच्या.

“त्या दिवशी मी मान वर करायला हवी होती,” तो म्हणाला. “डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी खोटं बोललो. काही जाणवलं नव्हतं म्हणून सांगितलं.”

घासणी क्षणभर थांबली.

“नळ जरा मोठा सोडा,” ती म्हणाली.

तो उठला, नळ सोडला. तिने भांडं धारेखाली कलतं केलं. काळं पाणी तिच्या मनगटावरून, ओल्या चादरीवरून ओघळत फरशीवर आलं आणि त्याच्या पावलांशी साचत गेलं. तो तिथेच, नळाच्या चावीवर हात ठेवून उभा राहिला. ती मान खाली घालून घासत होती. काजळीखालून पांढऱ्या झिलईवरची बारीक काळ्या भेगांची जाळी, बोटाएवढी, मग तळव्याएवढी, हळूहळू उघडी पडत होती.