साडेचार हजार वॅट

नेब्रास्कात चाळीस वर्षं मी शेतांवरचे पंप दुरुस्त केले. त्यामुळे यंत्राबद्दल कुणी मला चार शब्द सांगू लागला की माझी मान आधीच नाही म्हणायला लागते. माझी बायको आर्लिस म्हणायची, “ड्वेन, समोरच्याचं वाक्य तरी पुरं होऊ दे.” तेही मी तिला पुरं करू द्यायचो नाही.

त्या मे महिन्यात आम्ही ट्रकमागे कॅम्पर, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, जोडून अॅरिझोनाला निघालो ते एका पक्ष्यापायी. ट्रोगन त्याचं नाव. हिरवी पाठ, लालभडक पोट, आणि आवाज म्हणाल तर पडसं झालेल्या बेडकाचा. उन्हाळ्याच्या तोंडाला तो मेक्सिकोतून वर येतो आणि सीमेजवळच्या दोन-चार दऱ्यांत राहतो, बस. आर्लिसनं आयुष्यभर पक्षी पाहिले, हा तेवढा राहिला होता. हिवाळ्यात तिच्या हृदयाची झडप बदलली. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास होऊ द्यायचा नाही, दुपारी थंड जागेत बसायचं. मी म्हणालो, “पुढच्या वर्षी जाऊ की.” ती म्हणाली, “पुढच्या वर्षाचं मला नको सांगूस.”

मग गेलो. दरीत विजेचा खांबसुद्धा नाही, तेव्हा कॅम्परचा एसी चालवायला जनरेटर हवा. तो घ्यायला वाटेत टूसॉनला थांबलो. दुकानात रामिरो नावाचा माणूस होता, गोल पोटाचा, हसरा. त्यानं दोन जनरेटर बाहेर अंगणात काढले आणि पाळीपाळीनं चालू करून दाखवले. एक लहानसा, प्रवासाच्या बॅगेएवढा. दुसरा साडेचार हजार वॅटचा, लोखंडी सांगाड्यातला, इमारतींच्या कामावर असतो तसा. लहान मशीन चालू असताना आर्लिस त्याच्या शेजारी डोळे मिटून उभी राहिली.

“याच्याजवळ उभं राहून बोलता येतं, ड्वेन.”

“बोलता येऊन काय करायचंय? एसी चालला पाहिजे.”

“चालतो, साहेब,” रामिरो म्हणाला. “एसी सुरू होताना एक क्षण जोराचा हिसका मारतो, अडचण तेवढीच. एसीत हे एवढंसं डबडं बसवलं की तो हळूहळू उठतो. मग लहान मशीन आरामात ओढतं.”

“आणि वर दरीत, पाच हजार फुटांवर? उंचीवर मशीनला दम लागतो, ठाऊक आहे ना?”

“लागतो की. तरी ओढतं. माझा सासरा हेच नेतो डोंगरात.”

“तुझ्या सासऱ्याला मशीनमधलं कळतं?”

“नाही साहेब, त्याला झोपेतलं कळतं. आणि झोप मोडत नाही म्हणतो.”

आर्लिस खळखळून हसली. ऑपरेशननंतर ती तशी हसलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला राग आला. मी खोक्याचा पुठ्ठा फाडला, पेन्सिल काढली आणि आकडे मांडले. एसीला लागणारे वॅट, सुरू होतानाचा हिसका, उंचीमुळे होणारी घट, वर थोडं जास्तीचं. गणित बरोबर होतं, ते आजही बरोबर आहे. मी मोठ्या मशीनवर हात ठेवला.

“हे घेऊ. एसी चालू असताना तुझा टोस्टरसुद्धा चालेल.”

“मला टोस्ट नकोय रे. मला पक्षी ऐकायचाय.”

“तू थंड राहिलीस तर पक्षी ऐकशील ना?” मी जिंकलो. रामिरोनं मशीन ट्रकमध्ये चढवायला मदत केली आणि म्हणाला, “नाही पटलं तर तीस दिवसांत परत आणा, बदलून देतो.” मी म्हणालो, गरज पडणार नाही.

दरीत आम्ही पोचलो तेव्हा ओढ्याकाठी पाच कॅम्पर होते, सगळे पक्षीवाले. गळ्यात दुर्बिणी, बोलणं कुजबुजत. मी जागा धरली, मशीन खाली उतरवलं आणि ते चालू करायची दोरी ओढली. एसी पहिल्या हिसक्यात उठला. मी आर्लिसकडे पाहिलं, आता तरी शाबासकी मिळेल म्हणून. ती खिडकीतून शेजाऱ्यांकडे बघत होती.

संध्याकाळी एक दाढीवाला आला. म्हणाला, “जबरदस्त मशीन आहे हो तुमचं.”

“साडेचार हजार वॅट!” मी म्हणालो आणि वर त्याचे आभारही मानले. सकाळी त्याची जागा रिकामी. आमच्या या फिरस्त्या लोकांत भांडायची पद्धत नाही. चाकाखालचे ठोकळे काढतात, हात हलवतात आणि निघून जातात. तिसऱ्या दिवसापर्यंत चार कॅम्पर गेले.

“बघ, किती मोकळी जागा मिळाली आपल्याला,” मी म्हणालो.

“मिळाली खरी,” आर्लिस म्हणाली.

राहिली ती एकटी मर्ना, ऑरेगॉनची निवृत्त शिक्षिका. ट्रोगनचं घरटं तिथंच वरच्या अंगाला होतं म्हणून ती हलली नाही. सकाळी तो दूर डोंगरात ओरडायचा, तिथवर चढणं आर्लिसच्या छातीला झेपणारं नव्हतं. “दुपारी मात्र तो इथं पाण्यावर उतरतो, अगदी तुमच्या झाडांत,” मर्ना म्हणाली, आणि मग जीभ चावून, “म्हणजे, उतरायचा.”

मर्नाचाही एसी दुपारभर चालायचा. एकदा मी टायरची हवा बघायचं निमित्त करून तिच्या कॅम्परमागे गेलो. तिथं रामिरोनं दाखवलेलं तेच लहान मशीन, सायकमोरच्या झाडाच्या सावलीत, मांजरासारखं गुरगुरत होतं. मी वर पाहिलं. तिचा एसी आमच्याच कंपनीचा, आमच्याच मापाचा. पाच हजार फूट उंचीवर ते मशीन तो बिनबोभाट ओढत होतं.

परत आलो तर आर्लिसनं विचारलं, “कसा काय चालतो मर्नाबाईंचा एसी?”

“तिचा एसी लहान आहे,” मी म्हणालो.

“टूसॉन दीड तासावर तर आहे, ड्वेन. बदलून आणूया का?”

“वापरलेलं मशीन कोण परत घेतं?”

तीस दिवसांचं बोलणं तिनंही माझ्याइतकंच ऐकलं होतं. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि भांडी पुसायला घेतली. पडलो तरी नाक वर, ही माझी जुनी खोड. आवाज कमी व्हावा म्हणून मी प्लायवूडचं खोकं करून मशीनवर ठेवलं, तर ते तासाभरात तापून बंद पडलं आणि सगळ्या दरीत जळका वास सुटला. मर्नानं खिडकी लावून घेतली. खोकं काढून मी पुन्हा दोरी ओढली. त्या संध्याकाळी ट्रक काढला असता, तर दुसऱ्या दिवशी दुपारी आर्लिस थंडाव्यात बसून ट्रोगन ऐकत असती. इतकं सोपं होतं ते.

नवव्या दिवशी पेट्रोल संपत आलं. मशीनला पुरेल एवढं त्यात आहे असं पाहून मी दुपारी गावात गेलो. परतलो तेव्हा ट्रकचं इंजिन बंद केल्याबरोबर जाणवलं, की सगळीकडे शांत आहे. ओढ्याच्या पाण्याचा आवाज ऐकू येत होता. मशीन बंद होतं. कॅम्परबाहेर, झाडाखाली, आर्लिस खुर्चीत बसली होती. मानेवर ओला टॉवेल. शेजारी मर्ना. दोघी माझ्याकडे वळल्या नाहीत, वर बघत होत्या.

आर्लिसनं हात वर केला. बोटं पसरलेली, थांब, म्हणून.

मी थांबलो नाही. सरळ मशीनपाशी गेलो आणि दोरी ओढली. ते पहिल्या झटक्यात सुरू झालं, एरवी दोनदा ओढावं लागायचं. डोक्यावरच्या फांदीतून काहीतरी हिरवं निघालं आणि ओढ्यापलीकडे गेलं. मर्ना उठली, तिनं आर्लिसच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

आर्लिसचा हात अजून वरच होता. मग तिनं तो मांडीवर ठेवला.

“पाठ दिसली मला,” ती म्हणाली. मशीनच्या आवाजात मला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला. “पाठ करून बसला होता. वळतच होता, ड्वेन.”

पुढचे दोन दिवस आम्ही राहिलो, पण तो आला नाही. मी स्वतःहून मशीन बंद ठेवायला तयार झालो, तर तीच म्हणाली, “असू दे चालू. बाहेर ऐकण्यासारखं काही नाही आता.” निघताना मर्नानं तिला मिठी मारली. मला तिनं हात हलवला.

घरी परतताना, न्यू मेक्सिकोतल्या लांबलचक सरळ रस्त्यावर, आर्लिसनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली, “मनाला लावून घेऊ नकोस. उन्हात बसलेली पाहून घाबरलास तू. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना. मीच तुला न विचारता बंद केलं.”

“हो,” मी म्हणालो. “घाबरलो.”

तिनं गुडघ्यावर थोपटलं आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.

सप्टेंबरमध्ये ती गेली. दवाखान्यात शेवटचे तीन आठवडे मी रोज तिच्याजवळ होतो, बोलायला भरपूर वेळ होता, आणि मी बोललो नाही. खरं असं, की मी घाबरलो नव्हतो. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलंच नव्हतं. ती लाल झाली आहे की पांढरी पडली आहे, श्वास कसा चालू आहे, काही नाही. मी पाहिलं ते फक्त बंद मशीन, आणि मर्नाच्या शेजारी जाऊन बसलेली माझी बायको. दोघींनी मिळून मला चुकीचं ठरवलं, एवढंच माझ्या डोक्यात आलं, आणि मी दोरी ओढली. ती मात्र शेवटपर्यंत धरून होती की नवऱ्यानं आपल्या काळजीपोटी तसं केलं. मुलीलाही तिनं तसंच सांगितलं. मुलगी अजून तसंच मानते, आणि तो विषय निघाला की प्रत्येक वेळी मला जवळ घेते.